विहिरीला हात लावू नका

वादळ एका रात्रीत आलं आणि गेलं. त्याचे किस्से मात्र दिवाळीपासून शिमग्यापर्यंत जमत राहिले. आमच्या मेंटेनन्स शेडमध्ये चहाची किटली आली की कुणीतरी विचारायचं, "धर्मा, आज काय नवीन?" आणि धर्माकडं नवीन काहीतरी असायचंच. वादळानं पुरवले नसतील तेवढे किस्से सरकारनं पुरवले! हसायचो आम्ही, खोटं कशाला सांगू? पण हसून झालं की चहा कडू लागायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बोईसरच्या एका कापड कारखान्यात मी फिटर होतो. मूळचा मी जतकडचा, म्हणजे दुष्काळी भागातला. सालवडला भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि सगळे मला 'दुष्काळी पाव्हणा' म्हणायचे. धर्मा माझा जोडीदार, इथलाच, खाडीकाठच्या पाड्यावरचा. आणि यादव म्हणजे आमच्या शिफ्ट बसचा ड्रायव्हर, जौनपूरकडचा.

धर्माच्या पाड्याला गोड पाण्याची एकच विहीर. त्या रात्री उधाण बांधावरून आत आलं आणि विहीर समुद्राच्या पाण्यानं काठोकाठ भरली. घरांची कौलं लोकांनी दोन-चार दिवसांत गोळा करून पुन्हा चढवली. पण पाणी कुठून चढवणार? पुढचं सगळं रामायण त्या एका विहिरीचं आहे.

* * *

पहिला किस्सा वादळाच्या दुसऱ्या दिवशीचा.

ऊन पडलं होतं. वारा इतका पडलेला की वाळत घातलेलं फडकंसुद्धा हलेना. धर्मा उघड्या घराच्या भिंतीवर बसून वासे सरळ करत होता. एवढ्यात रस्त्याच्या टोकाला सरकारी जीप आली, वर कर्णा बांधलेला. जीपमधून घोषणा सुरू झाली, की वादळाची शक्यता आहे, मच्छीमार बांधवांनी समुद्रात जाऊ नये.

पाड्यावरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. घोषणा तीनदा झाली. शेवटी धर्मानं भिंतीवरूनच आवाज दिला.

"साहेब, आमी नाय गेलो. समुद्रच आमच्याकडं आलाता!"

जीपवाल्यानं हात वर करून 'बरं बरं' अशी खूण केली आणि गाडी पुढच्या गावाला सावध करायला निघून गेली.

* * *

मग तलाठी भाऊसाहेब आले. माणूस तसा वाईट नव्हता. चिखलातून पँट वर करून, चपला हातात घेऊन पाड्यापर्यंत आला, हेच त्या दिवसांत पुष्कळ होतं. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं, ओंजळभर पाणी जिभेला लावून थुंकलं आणि हळहळले. लोकांना वाटलं, चला, आता काहीतरी होईल.

भाऊसाहेब म्हणाले, "विहिरीला हात लावू नका. उपसू नका, काही करू नका. पंचनामा व्हायचाय. हे पाणी म्हणजे तुमचा पुरावा आहे, जपून ठेवा."

धर्माची आई, जमनाआय, तिथंच उभी होती. तिनं दोनदा विचारून घेतलं, की पुरावा म्हणजे हे पाणीच ना? भाऊसाहेबांनी दोनदा 'होय' म्हटलं.

तोच हुकूम बाकी सगळ्याला लागू झाला. पाड्याच्या तोंडाशी रस्त्यावर एक भलंमोठं चिंचेचं झाड आडवं पडलं होतं. त्यालाही हात लावायचा नाही, तेही पंचनाम्यात धरायचं होतं. आठवड्यानं पंचनाम्याची गाडी आली आणि झाडापाशी थांबली. गाडीतल्या माणसानं खिडकीतून विचारलं, "हे झाड का काढलं नाही?"

"पंचनामा व्हायचाय म्हणून."

"रस्ता बंद असताना पंचनामा कसा होणार?" असं म्हणून ते परत गेले. गाडीतून उतरून चार पावलं चालायचं कुणाला सुचलं नाही. माझं तर डोकंच फिरलं ते ऐकून. धर्मा मात्र शांतपणे सांगत होता, आणि त्याच्या त्या शांतपणाचा मला जास्त राग येत होता.

त्याच संध्याकाळी पाड्यावरच्या लोकांनी झाड तोडून चुलीला लावलं. विहिरीला मात्र हात लावायचा धीर कुणाला झाला नाही. पुरावा गेला तर विहीर कायमची गेली, ही भीती होती.

* * *

टँकर मागायला मी धर्माबरोबर तालुक्याच्या ऑफिसात गेलो. टँकरच्या बाबतीत आपण तज्ज्ञ! आमच्याकडं टँकरच्या वेळेवर लग्नाची पंगत बसते. मी धर्माला बसमध्येच सांगून टाकलं, "तू काही बोलू नको, मी बघतो."

टंचाईच्या टेबलावरच्या माणसानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर सगळं हिरवंगार. म्हणाला, यंदा पाऊस चांगला झालाय, टंचाई होळीनंतर सुरू होते, तेव्हा या. पाणी खारट झालंय म्हटल्यावर म्हणाला, मग ते वादळाचं झालं, पलीकडचं टेबल.

पलीकडच्या टेबलावर धान्य होतं, कपडे होते, घरपडीची मदत होती. पाणी नव्हतं. तिथला गृहस्थ मला समजावून सांगायला लागला, "पाणी जास्त झालं म्हणूनच तुम्ही या टेबलावर आलात ना? मग आम्हीच पाणी कसं देणार?"

माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी धर्मानं माझा हात धरला आणि अगदी गरिबीनं विचारलं, "साहेब, होळीपर्यंत आमी पियाचं काय?"

त्या माणसानं खरोखर विचार केला. मग म्हणाला, "उकळून प्या."

धर्मा म्हणाला, "उकळून बगितलं, साहेब. मीठच उरतं."

* * *

मदत मात्र आली, नाही म्हणायला नको. एके दिवशी ट्रकभर पिशव्या आल्या. प्रत्येक घराला एक पिशवी, तिच्यात तांदूळ, डाळ, तिखट आणि एक मिठाचा पुडा.

जमनाआयनं पिशवी उघडली. मिठाचा पुडा तेवढा बाहेर काढला. मग ट्रकपाशी गेली आणि तो वाटणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"हे परत न्या, बाबा. विहीरभर हाय आमच्याकडं."

वाटणारा म्हणाला, एक वस्तू परत घेता येत नाही, द्यायची तर सगळी पिशवी द्या. जमनाआयनं पुडा उचलला आणि चालू लागली. हा किस्सा ऐकून शेडमध्ये सगळे खो खो हसले. धर्मासुद्धा हसला.

* * *

तोवर पाड्यावरच्या बायका माकुणसार गावच्या पाहुण्यांकडून डोक्यावर हंडे आणायच्या. ते किती दिवस पुरणार? मग आम्ही ठरवलं, कारखान्यातून न्यायचं. कारखान्याच्या लॉनवर रोज सकाळ-संध्याकाळ फवारे उडायचे. आमची शिफ्ट सुटली की डबे, कॅन, जे मिळेल ते भरून यादवच्या बसमध्ये चढवायचं. यादव बस धर्माच्या फाट्यापर्यंत न्यायचा आणि बायका तिथं थांबलेल्या असायच्या.

पहिल्याच दिवशी गेटवर वॉचमननं अडवलं. माल बाहेर जाणार तर गेटपास पाहिजे. तेही ठीक. पण गेटपासवर लिहायचं काय? रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल? म्हणजे माल परत येणार की नाही? वॉचमन अगदी इमानदारीनं विचारत होता. मागं सगळी शिफ्ट खोळंबलेली.

यादवनं खिडकीतून मान बाहेर काढली. "लिख दे भैया, रिटर्नेबल. लौटेगा ज़रूर, बस थोड़ा रंग बदल के!"

वॉचमन इतका हसला की त्यानं फाटकच उघडून दिलं. पुढं पुष्कळ दिवस तो स्वतः नळाखाली डबे लावून ठेवायचा. एका वॉचमनला जे कळलं ते दोन्ही टेबलांना कळलं नाही.

* * *

पण बसचं पाणी सुट्टीच्या दिवशी नसायचं. अशाच एका सुट्टीला धर्माची धाकटी लेक, चार वर्षांची नंदा, डबक्यातलं पाणी प्याली. जुलाब लागले. पोर एका दिवसात अशी वाळली की डोळे तेवढे उरले. दवाखान्यात सलाईन लावलं. मी भेटायला गेलो तेव्हा जमनाआय नातीच्या उशाशी बसून त्या बाटलीकडं बघत होती. तिनं मला विचारलं, "यात काय असतं रं?"

मी सांगितलं, मीठ आणि पाणी.

या किश्श्यावर शेडमध्ये कुणी हसलं नाही. धर्मानं तो सांगितलाच नाही, मीच सांगितला.

पोर वाचली. पण त्या दिवशी धर्माचा शांतपणा संपला. दवाखान्याच्या पायरीवर तो म्हणाला, "पुरावा गेला खड्ड्यात. मी विहीर उपसतो."

* * *

रविवारी आम्ही पंप नेला. कारखान्याचा जुना डिझेल पंप शेडच्या कोपऱ्यात पडून होता. फोरमनला विचारलं तर तो म्हणाला, "मी जेवायला चाललोय, मला काही दिसत नाही." यादवनं सुट्टी असूनही गाडी काढली.

पंपाचा पाइप विहिरीत सोडणार, तेवढ्यात जमनाआय आडवी आली. हातात पितळेची कळशी. म्हणाली, थांबा. तिनं कळशी विहिरीत सोडली, भरून काढली, फडक्यानं तोंड बांधलं आणि घरात नेऊन ठेवली. पोरांनी तिची टर उडवली. यादव म्हणाला, "अम्मा, अचार डालोगी क्या?" ती म्हणाली, "भाऊसाहेबानं जपाया सांगितलाय. माणसाचा शब्द राखाया नको?"

विहीर रिकामी केली. झऱ्याचं पाणी भरलं, तेही खारट. पुन्हा उपसली, पुन्हा भरली. असे कितीतरी रविवार गेले. दर वेळी जमनाआय जिभेला पाणी लावून बघायची आणि मान हलवायची. एका रविवारी तिनं मान हलवली नाही. ओंजळ भरून प्याली, मग नंदाला पाजली. धर्मा विहिरीच्या काठावर तोंड फिरवून बसला होता. रडत होता, सरळ सांगतो.

भाऊसाहेबांना बातमी लागलीच. सायकलवरून आले आणि डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "हे काय केलंत? आता वर मी काय दाखवू?"

* * *

आणि शिमग्याच्या तोंडावर, आंब्याला कैऱ्या धरल्यावर, पंचनामा आला.

तालुक्याचे मोठे साहेब आले, भाऊसाहेब आले, शिपाई छत्री धरून आला. मी आणि यादव त्या दिवशी पाड्यावरच होतो. साहेबांनी विहिरीचं पाणी काढायला लावलं, चव घेतली आणि धर्माकडं वळले.

"पाणी तर उत्तम आहे. नुकसान कुठंय?"

धर्मा सांगायला लागला. उधाण, बसचे डबे, दवाखाना, पंप. साहेबांनी मधेच थांबवलं. त्यांना घाई होती.

"हे सगळं तुम्ही सांगताय. खारं पाणी होतं याला पुरावा काय? मी काय बघून सही करू?"

भाऊसाहेब जमिनीकडं बघत होते. धर्मा काहीतरी बोलून बसणार म्हणून मी पुढं झालो. तेवढ्यात जमनाआयनं ओसरीवर चटई टाकली आणि साहेबांना सावलीत बसा म्हणाली. आपल्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी देतात. ती आत गेली आणि लखलखीत घासलेला तांब्या घेऊन आली. साहेब घामानं निथळत होते. त्यांनी तांब्या घेतला, मान वर केली आणि घटाघटा दोन घोट घशाखाली घातले.

मग तांब्या हातातून पडला. साहेब ओसरीवरून खाली वाकले, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं. शिपाई छत्री टाकून धावला.

जमनाआयनं तांब्या उचलला. तळाशी थोडं उरलं होतं, ते तिनं साहेबांच्या पुढं धरलं.

"एवढ्यावर सही व्हईल का, साहेब, का कळशी आणू?"