मास्तरांचे दोनशे कासू

एक प्रकरण असे आहे की ते आठवले की माझे डोके आजही तापते. बायको चेहऱ्यावरून ओळखते. "नाण्यांचे का?" एवढेच विचारते, कॉफी पुढे ठेवते आणि आत निघून जाते. पुढचा अर्धा तास मी काय बडबडणार ते तिला पाठ आहे. मद्रास पोलिसांत मी तीसेक वर्षे काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका टिकलेला राग एका तांब्याच्या चिल्लरीच्या चोरीचा आहे.

आणे-पै जाऊन दशमान पद्धतीचे नवे पैसे चालू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मी मैलापूरच्या बाजूच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. सत्तरीचे एक गृहस्थ आले. धोतर, बंद गळ्याचा कोट, काखेत एक जाडजूड वही. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच तंजावरचे मराठी. माझे आडनाव पाटीवर वाचून ते थेट घरच्या बोलीवर आले.

"अस्के गेले रे," म्हणाले. म्हणजे सगळे गेले.

गेले होते ते कासू. तांब्याचे सर्वांत हलके नाणे म्हणजे कासू. नायक राजांच्या वेळचे, तंजावरच्या मराठी राजांच्या वेळचे, काही कंपनी सरकारचे. चाळीस वर्षांत जमवलेले दोनशेच्या वर. मी फिर्याद लिहायला घेतली आणि किमतीच्या रकान्यात 'किरकोळ' असा शब्द टाकला. तेव्हा मला आपण फार अनुभवी आहोत असे वाटत असे.

मास्तर वाकून बघत होते. "ते खोड," म्हणाले.

"मास्तर, तांबेच ना?"

"पणम हे सोन्याचे नाणे, ते राजाच्या खजिन्यात आणि सावकाराच्या पेटीत बसले. भाजी, तेल, फुले, मीठ, हे सगळे कासू देऊन घरी आले. हजारो हातांतून गेलेली वस्तू आहे ती. चांगली टिकलेली फारच थोडी सापडतात, म्हणून तिला भाव आहे. बंगळूरचे एक संग्राहक येणार आहेत. सगळा संच घेतो म्हणालेत. त्या पैशावर मी वेगळी खोली घेणार आहे. पुतण्याच्या घरी आता राहवत नाही."

त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून मी 'किरकोळ' खोडले. माझा वर्षाचा पगार त्याहून कमी होता.

खबर दिली ती एका भंगारवाल्याने. जुने पैसे बंद होत चालले म्हणून लोक घरातले तांबे वजनावर काढत होते. तो म्हणाला, "सार, एग्मोर स्टेशनजवळ एक दुकान आहे. तिथला दुकानदार हॉटेलात उतरलेल्या गोऱ्या लोकांना जुन्या मूर्ती, दिवे विकतो. आमच्याकडचे तांबे तोच चाळून नेतो. परवापासून दारात बसून कसली तरी जुनी नाणी भिंगातून बघतोय, मला उभासुद्धा करत नाही."

दुकानदाराला नाण्यांसकट ठाण्यात आणले. गोड माणूस. कपाळाला विभूती, हातात रुमाल.

"नाणी माझीच, सार. थोडी थोडी करून विकत घेतली."

"कोणाकडून?"

"रस्त्यावर येणारे-जाणारे. तांब्यावर कोणाचे नाव लिहिलेले असते का, सार? असेल तर दाखवा, आत्ता देऊन टाकतो."

मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की दौत सांडली आणि माझीच पँट निळी झाली. तो रुमाल पुढे करत हसला. बोलण्यात तो मला सरळ सरळ हरवत होता.

मास्तर बाजूच्या बाकावर बसले होते. त्यांनी शांतपणे वही उघडली. प्रत्येक पानावर पातळ कागद चिकटवलेले. नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची की नाण्याचा ठसा कागदावर उतरतो, लहानपणी आपण सगळ्यांनी केलेला उद्योग. चित्रकलेच्या मास्तरांनी तो दोनशे वेळा केला होता, दोन्ही बाजूंनी. ही जुनी नाणी हातोड्याने ठोकलेली. कुठे ठसा सरकलेला, कुठे कड चिरलेली, एकासारखे दुसरे नाही. मी पंच बोलावले. पहिली बारा नाणी बारा कागदांवर बसली. तेराव्याला दुकानदाराने रुमाल खिशात घातला.

"मैलापूरचा एक क्लार्क घेऊन आला होता," तो म्हणाला. "घरातला कचरा म्हणाला. मी वजनावर घेतले."

तो क्लार्क म्हणजे मास्तरांचा पुतण्या. तांब्याच्या भावात काकाची चाळीस वर्षे देऊन त्याने घरी एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, एक डबा आणला होता. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "चोरी कसली, सार? हिरवी-काळी घाण होती. हिने किती वेळा सांगितले, घरात अवदसा नको." त्या वेळी माझा हात उठला नाही याचे मला अजून आश्चर्य वाटते.

मास्तरांनी पुतण्याविरुद्ध खटला चालवायला नकार दिला. न्यायालयाच्या परवानगीने प्रकरण मिटले. दुकानदार साक्षीदार होऊन सुटला. मुद्देमाल मास्तरांना परत द्यावा, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी ते संग्राहकांना घेऊन ठाण्यातच येणार होते.

मी आमच्या एट्टूंना, म्हणजे हेड कॉन्स्टेबलना सांगितले, "बाहेरगावचे मोठे गृहस्थ येणार आहेत. मुद्देमाल जरा स्वच्छ करून ठेवा." एट्टू शिस्तीचा माणूस. देवाची भांडी घासायला वापरतात ती चिंच त्याने घरून आणली, राख आणली आणि दुपारभर मागच्या नळापाशी बसून एकेक नाणे घासले. संध्याकाळी टेबलावर पांढऱ्या कपड्यावर मांडून ठेवलेली ती नाणी पाहून मी त्याची पाठ थोपटली. पूजेच्या पंचपात्रीसारखी लखलखत होती.

सकाळी मी मोठ्या ऐटीत कपडा बाजूला केला.

बंगळूरचे गृहस्थ टेबलावर वाकले. मग त्यांनी एक नाणे उचलले, भिंगाखाली धरले, खाली ठेवले.

"ही कोणी धुतली?"

मी अभिमानाने सांगितले.

"तांब्यावर शे-दोनशे वर्षांत काळपट थर चढतो. तो थर हेच त्याचे वय. अक्षरेही त्यातच टिकलेली असतात. आता हे फक्त तांबे आहे." ते मास्तरांकडे वळले. "माफ करा. मला घेता येणार नाही."

मास्तरांच्या जबाबात तिसऱ्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: रंग काळसर, कडेला हिरवी झाक, मालकाने कधीही न घासलेली. मी ते ओळखीची खूण म्हणून लिहून घेतले होते. त्याचा अर्थ काय, हे विचारले नव्हते.

मग मी जे केले त्याची लाज सर्वांत जास्त वाटते. मी एट्टूवर ओरडलो. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, ताठ उभा राहून म्हणाला, "स्वच्छ करा म्हणालात, सार. आम्ही घरी देवाचे तांबे असेच घासतो."

"त्याला बोलू नकोस," मास्तर म्हणाले. "त्याने सांगितलेले केले."

नाणी घरी न्यायला पुतण्या आला होता. नाण्यांवरून नजर फिरवून म्हणाला, "आता बघा, कशी छान दिसताहेत."

मास्तरांनी मला एकच काम सांगितले. दोन गल्ल्या सोडून एका बाईंकडे त्यांनी खोली बघून ठेवली होती. आपण येत नाही, एवढे बाईंना कळवायचे होते. मास्तरांच्याने ते होत नव्हते. मी गणवेशातच गेलो. बाईंनी खोलीला चुना दिला होता, खिडकीपाशी उजेड बघून टेबल लावले होते.

"चित्रे काढतात ना ते," म्हणाल्या. "कधी येताहेत?"

"येणार नाहीत."

"का? चोर सापडला म्हणे."

"सापडला," मी म्हणालो आणि पायऱ्या उतरलो.

केस डायरीत मी लिहिले: मुद्देमाल शंभर टक्के हस्तगत, मालकास परत. या तपासाबद्दल माझ्या सर्व्हिस बुकात चांगली नोंद झाली. बढती तोंडावर होती. मी ती नोंद नाकारली नाही. लोकांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा माणूस स्वतःची चूक किती सफाईने दडपतो, हे मला तेव्हा कळले.

पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे मी फिर्यादीला एक जादा प्रश्न विचारत असे: वस्तू सापडली तर ती तुम्हाला कशी परत हवी? कॉन्स्टेबल माझ्या पाठीमागे हसत. बहुतेक फिर्यादी गोंधळून माझ्याकडे बघत. एकदा एक म्हातारी मात्र चटकन म्हणाली, "होती तशी, बाबा. दुसरी कशी?"

मास्तरांना त्यांच्या वस्तू तशा देता आल्या नाहीत. शेवटपर्यंत ते पुतण्याच्याच घरी राहिले.