न जुळलेली रेष

धरणात जाणाऱ्या गावाचा नकाशा आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेला आहे. आज त्या गावातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये माझं घर. नकाशात हाय, मग भरपाईच्या यादीत कसं न्हाई?"

पूर्वी आमचे सावंतकाका कॉम्प्युटरवर एकेका घराचे कोपरे टिपून क्षेत्रफळ काढत. एका गावाला आठवडा लागे. मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. चहा गार व्हायच्या आत तो अख्खं गाव मोजतो. फक्त ज्या घराभोवतीची रेष पूर्ण जुळलेली नसते, ते घर तो मुकाट्याने वगळतो.

मी स्क्रीनवर बाईंचं घर मोठं करून पाहिलं. दाराच्या जागी रेष केसभर तुटलेली होती. काकांनी ती फट नजरेनंच बुजवली असती. मी रेष जोडली, पण यादी कधीच मंजूर होऊन गेली होती. बाईंनी बोट अजून उचललं नव्हतं, जणू उचललं तर तेवढंही घर जाईल.

आधीची दोन गावं मी अशीच मोजली. ती आता पाण्याखाली आहेत. तिथून विचारायला कुणीच आलं नाही, आणि मी समजत होतो, काम चोख झालं.