समरूप नणंदा

"माझा आवाज शाळेत वाजवण्याआधी मला विचारायला नको?" बाईंचे यजमान टेबलावर हात आपटत म्हणाले. "किराणा दुकानात एक कार्टं मला विचारतं, 'काका, चष्मा सापडला का?' भर दुकानात! काउंटरवरचा पोरगासुद्धा हसला."

"मग सांगायचं, सापडला म्हणून," सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "सापडलाय ना?"

"आई, तू मधे बोलू नकोस. तुझाही आवाज आहे त्यात."

"आहे का?" सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "मी काय बोलले गं? स्पष्ट ऐकू येतं का?"

"घंटेसारखं," बाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी भाजी परतायला घेतली, कारण हसू आलेलं पाठमोरं असतानाच लपवता येतं.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. शाळेत त्यांचं नाव कंपासबाई. फळ्यावर वर्तुळ काढायचा हातभर लांब लाकडी कंपास त्या सैनिकाने बंदूक बाळगावी तसा खांद्यावर टाकून वर्गात येत. झोपलेल्या मुलाच्या बाकावर त्याचं टोक टेकवलं की मूल उठे, शिवाय शेजारची दोन उठत ती वेगळीच. अनेक वर्षं दहावीची भूमिती त्यांच्याकडेच होती. दहावी म्हणजे त्यांचा जीव. बाकीचे वर्ग त्या शिकवत, दहावीत त्या जगत.

आणि ही दहावीच जायची वेळ आली होती.

झालं असं, की शाळेत प्रत्येक वर्गात भिंतीवर मोठा पडदा आला. तो बसवताना फळा अर्धा झाकला गेला. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की प्रत्येकाने यावर शिकवायचं, मी स्वतः पाठ बघायला येणार, आणि ज्यांना जमणार नाही त्यांची दहावी संगणकाच्या सरांकडे जाईल. संगणकाचे सर कालपरवा आलेले, मिशी अजून पुरती न ठरलेली. त्यांना भूमितीही येत होती म्हणे.  बाई मनात म्हणाल्या, कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच.

पहिल्या दिवशी बाईंनी पडद्यावर त्रिकोण काढायला घेतला. फळ्यावर एका झटक्यात सरळ रेघ मारणाऱ्या हाताला काचेवर घसरायला झालं. रेघ दारुड्यासारखी वाकडी गेली. कोपर लागला आणि अख्खा त्रिकोण पडद्याच्या कोपऱ्यात पळून बसला. त्याला परत आणायला जावं तर मध्येच, फोन पडद्याला जोडलेला असल्याने, लेकीचा निरोप पडद्यावर झळकला: "आई, तुझी निळी ओढणी मी घेतलीये, ओरडू नको." वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

घरी येऊन बाईंनी लेकीला ओढणीबद्दल आणि पडद्याबद्दल एकाच दमात झापलं. लेक कॉलेजात जाणारी, तिने शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, तिथे काढतेस कशाला? घरी कागदावर काढ, फोनने व्हिडिओ घे, शाळेत जाऊन नुसता लाव. पडद्याला हात लावायचाच नाही."

हे बाईंना पटलं. उजेड चांगला म्हणून जागा ठरली स्वयंपाकघरातली. तांदळाच्या डब्यावर पोळपाट, पोळपाटाच्या कडेला फोन, फोनचं तोंड खाली कागदाकडे. दिसत होते फक्त बाईंचे हात, पट्टी आणि पेन्सिल. बाई समरूप त्रिकोण शिकवू लागल्या. घर आपल्या गतीने चालू राहिलं, आणि बाईंनी त्याला थांबवलं नाही. कारण त्यांची साधी समजूत अशी, की फोनच्या तोंडासमोर जे आहे ते फोन घेतो. पाठीमागचं तो कशाला घेईल?

फळ्याकडे तोंड करून लिहिताना तिसऱ्या बाकावर कोण कुजबुजतंय हे ज्यांना न वळता कळतं, त्या बाईंना फोनलाही कान असतील हे सुचू नये, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात पडद्यावर बाईंचे हात उमटले आणि पाठोपाठ अख्खं घर बोलू लागलं.

"या दोन त्रिकोणांचे कोन समान आहेत..."

"माझा चष्मा कुठे आहे?"

"...म्हणून संगत बाजूंचं प्रमाणही..."

"इथेच ठेवला होता. या घरात वस्तू जागेवर राहतच नाही."

"अरे, तिला बोलू नकोस, ती त्रिकोण करतेय. चष्मा डोक्यावर आहे तुझ्या." मग तोच म्हातारा आवाज जवळ आला. "काय गं, एक एवढा ढोला आणि एक एवढासा, आणि तू म्हणतेस सारखे?"

"सारखे नाही आई, समरूप. आकार तोच, माप वेगळं."

"हां, म्हणजे माझ्या नणंदा! थोरली ताडमाड, धाकटी पाटाएवढी, पण नाक दोघींचं एकच. शिक्का मारल्यासारखं."

यानंतर कुकरने शिट्टी दिली, आणि तिच्यावर ताण करत यजमानांचा आवाज: "त्या हेडमास्तरला म्हणावं, आधी स्वतःचा फोन सभेत गप्प करायला शीक. निघाला दुसऱ्यांना शिकवायला."

बाईंना व्हिडिओ बंद कसा करायचा ते त्या क्षणी आठवेना. मुलं बाकांवर लोळत होती. पण त्या लोळण्यातून बाईंना एक गोष्ट दिसली, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही: एकही मूल झोपलेलं नव्हतं. कंपास तासभर कोपऱ्यात टेकलेला होता.

आणि आता घरात ही पंचाईत. यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांची पाकिटं न उघडता पोचवली आणि आपलं पाकीट मात्र बायकोने भर वर्गात फोडलं, हे त्यांचं दुःख.

"तो हेडमास्तर परवा वर्गात येणार आणि माझं बोलणं ऐकणार. तुझी दहावी जाईल ती माझ्यामुळे, असं नंतर तूच म्हणशील."

हे मात्र खरं होतं. बाईंनी गॅस बंद केला. "बरं. आवाज काढून टाकते. परत कुणाचा आवाज येणार नाही. झालं?"

"शब्द दे."

"दिला."

"माझा कशाला काढतेस?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

आवाज कापायचा कसा, हे विचारायला बाईंना जावं लागलं ते संगणकाच्या सरांकडे. अडला हरी. सरांनी खुर्ची पुढे केली, व्हिडिओ ऐकला, नणंदांपाशी खो खो हसले आणि म्हणाले, "बाई, हे कापू नका हो."

"तुम्हाला काय जातंय? तुम्हाला दहावी मिळणार."

 सर हळूच म्हणाले, "मला दहावीची भीती वाटते बाई. मुलं मला 'दादा' म्हणतात." त्यांनी निमूटपणे कापायचं कसं ते दाखवलं. बाई दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा त्यांनीच कापलं. थांबवायचं कसं, मागे कसं न्यायचं, तेही बोटांत बसवून घेतलं. आता फोनमध्ये दोन व्हिडिओ झाले. एक धुतलेला, एक तसाच. दुसरा पुसून टाकायचं त्यांच्या मनात होतं. पण हात काही पुढे गेला नाही.

पाठाच्या दिवशी मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. बाईंनी धुतलेला व्हिडिओ लावला. बाईंचे हात, बाईंचा आवाज, स्वच्छ त्रिकोण. मुलांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांना कळलं, की आज कुणीच येणार नाहीये. खिडकीजवळचा एक जण हनुवटी हातावर टेकून झोपी गेला. त्याच्या मागचा गेला. शेवटी मुख्याध्यापकांनीच जांभई दिली आणि ती तोंडावर हात धरून आवळली.

बाईंनी कोपऱ्यातल्या कंपासाकडे पाहिलं. दहावी अशीही जाणार होती, तशीही जाणार होती. जायचीच तर हसत जाऊ दे. त्यांनी व्हिडिओ थांबवला आणि दुसरा लावला.

"माझा चष्मा कुठे आहे?" पडदा म्हणाला, आणि अख्खा वर्ग ताठ बसला. मुख्याध्यापकही.

पुढे काय येणार हे सगळ्या वर्गाला पाठ होतं. कुकरची शिट्टी आणि तिच्यानंतर ते. मुलं एकदा पडद्याकडे बघत, एकदा मागच्या बाकाकडे. बाईंचं बोट फोनवर तयार होतं. "शिक्का मारल्यासारखं," सासूबाई म्हणाल्या आणि बाईंनी टचकन थांबवलं.

वर्गातून एक मोठा उसासा निघाला, काही सुटकेचा, पुष्कळसा निराशेचा.

"आता आजींना उत्तर द्या," बाई म्हणाल्या. "त्यांच्या दोन नणंदा समरूप आहेत का?"

"आहेत!" अर्धा वर्ग ओरडला. "आकार तोच, माप वेगळं!"

"बाई, नाहीत," मागून एक बारीक आवाज आला. ही मुलगी वर्षभर हजेरीपुरतीच बोललेली. ती उभी राहिली, मुख्याध्यापकांना खेटून. "आजींचं चुकतंय. नाक दोघींचं एकाच मापाचं, आणि उंची एकीची जास्त. मग प्रमाण कुठे राहिलं? समरूप असत्या तर थोरलीचं नाक पण मोठं हवं."

"किती मोठं?" बाईंनी खडू तिच्यापुढे धरला.

फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर दोन नणंदा उभ्या राहिल्या. एकाने धाकटीची उंची ठरवली, दुसऱ्याने थोरलीची, नाकावरून तर हाणामारी व्हायची राहिली. कुणी म्हणे हातही त्याच प्रमाणात हवेत, कुणी म्हणे मग चपलासुद्धा. घंटा झाली तेव्हा खिडकीजवळचा तो झोपाळू थोरलीच्या नाकाचं उत्तर खोडून परत काढत होता.

मुलं पांगली. मुख्याध्यापक पडद्याजवळ आले. "पडद्यावर थांबलेलं आहे ते... पुढे काय आहे त्यात?"

दारातून बाहेर पडणारी चार मुलं तिथेच थबकली.

"पुढे कुकरची शिट्टी होते," बाई म्हणाल्या. "मग पाठ संपतो."

मुख्याध्यापकांनी त्या चौघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मग खिशातला स्वतःचा फोन काढून त्यांनी तो गप्प आहे की नाही हे तपासलं. का कुणास ठाऊक. "दहावी तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "वर्तुळाचा पाठ बघायला मी परत येणार आहे. आणि आजींना घ्या."

संध्याकाळी बाई घरात आल्या तेव्हा तिघंही स्वयंपाकघरातच होती. बाईंनी पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि त्या घटाघटा पाणी प्यायल्या. 

"गेली का?" यजमानांनी विचारलं.

"राहिली. आई, तुमच्या नणंदा समरूप नाहीत असं वर्गाने ठरवलंय."

"त्यांनी बघितलंय का त्यांना?" सासूबाई उसळल्या. "घेऊन ये त्या पोरांना इकडे!"

यजमानांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तू तोच लावलास. शब्द दिला होतास मला."

"दिला होता. मोडला. तुमचं वाक्य यायच्या आत बोट ठेवलं, ते मात्र कुणाला ऐकू गेलं नाही."

"यापुढे माझा आवाज घ्यायला माझी परवानगी नाही. स्पष्ट सांगतो."

"बाबा, हळू," लेक म्हणाली. "फोन डब्यावरच आहे."

यजमानांनी दचकून डब्याकडे पाहिलं. फोन तिथे नव्हताच, तो बाईंच्या पर्समध्ये होता. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

बाईंनी तांदळाचा डबा पुसला, त्यावर पोळपाट नीट बसवला आणि तिघांकडे न बघता सांगितलं, "उद्या संध्याकाळी वर्तुळ. याच टेबलावर. सगळ्यांनी घरी राहायचं, आणि आवाज कुणाचाही कापणार नाही."