चीफसाहेबांच्या पाच भाच्या

जुन्या अमेरिकन बंदुकांतलं माझ्याइतकं कळणारा मराठी माणूस अख्ख्या सिंगापुरात सापडायचा नाही. मला जे कळतं ते सगळं आमच्या चीफसाहेबांनी सांगितलेलं, आणि त्यातलंही निम्मं मी चहातल्या खारीबरोबर गिळून टाकलंय.

चीफसाहेब म्हणजे माझ्या पहिल्या बोटीवरचे चीफ इंजिनीयर. आता रिटायर होऊन काकूंबरोबर ईस्ट कोस्टला राहतात. ते भिंतभर पुस्तकं वाचलेले, मी नववी नापास फिटर, पण मी समोर बसून वेळेवर "हो का!" म्हणतो, तेवढ्यावर दोस्ती टिकलीय. त्यांच्या मालकीच्या पाच रायफली. शंभर-सव्वाशे वर्षांच्या, ट्रिगरखालची कडी खाली लोटून वर ओढली की नवी गोळी चढते त्या जातीच्या. पाचही मेव्हण्याकरवी घेतलेल्या आणि टेक्सासला त्याच्याच घरी ठेवलेल्या, कारण इथे बंदूक बाळगणं म्हणजे जन्माची अद्दल. टेक्सासला जाऊ जाऊ म्हणत राहून गेलेलं, त्यामुळे साहेबांनी एकीलाही कधी हात लावलेला नाही. दर रविवारी मेव्हणा फोनसमोर एकेक धरून कडी ओढायचा, खटॅक्-खट्. साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "तिसरीला तेल कमी पडलंय." आतून काकू, "माझ्या गुडघ्यांचा आवाज नाही हो येत कधी यांना!"

बाहेर 'बंदूक' शब्द काढायलाही ते घाबरायचे. म्हणून पाचही जणींना 'भाच्या' म्हणायचे. एकदा लिटिल इंडियात, वाणसामानाच्या दुकानात, मला सांगत होते, "थोरली टेक्सासला आहे बघ. सडपातळ, अंगावर एक डाग नाही." पोह्यांचं पाकीट धरून उभ्या असलेल्या एक पुण्याच्या बाई लगेच वळल्या. "पत्रिका बघता का हो तुम्ही? माझा मुलगा तांजोंग पगारला बँकेत आहे." साहेब एवढे गडबडले की म्हणाले, "तिचं वय जरा जास्त आहे." तर बाई म्हणतात, "आमचाही काही कोवळा नाही."

मग साहेबांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, म्हणजे टेक्सास संपलं. त्यातच मेव्हण्याने घर विकायला काढलं आणि रायफलींना गिऱ्हाईक बघितलं. नेमकं तेव्हाच कंपनीने मला एका बोटीवर दुरुस्तीला टेक्सासपर्यंत धाडलं. निघताना साहेबांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "थोरलीची कडी एकदा ओढ. हाताला कसं लागतं ते नीट लक्षात ठेव आणि मला येऊन सांग. बाकी काही नको."

मेव्हण्याने बंदरावरून गाडीने घरी नेलं. थोरली हातात दिली. मी फिटर माणूस, आयुष्यभर नट आवळले, तसाच जोर लावला. कडीत बोट चिमटलं, मी आईच्या नावाने ओरडलो आणि काय लागलं, कसं लागलं, सगळं विसरलो.

परत आलो तर साहेब दाराशीच उभे. "बोल."

सगळा समुद्र ओलांडताना मी वाक्यं जुळवली होती. तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, जड होती."

ते वाट बघत राहिले. मीही बघत राहिलो. "आणि गार होती," मी म्हणालो. एवढं हताश तोंड मी इंजिन बंद पडल्यावरसुद्धा त्यांचं बघितलं नव्हतं. सबंध आयुष्य त्यांनी वाचलं आणि हात लावायला मिळाला या गाढवाला!

मग त्यांचं लक्ष माझ्या काळ्यानिळ्या नखाकडे गेलं. भिंग आणलं. बोट हातात घेऊन किती वेळ बघत बसले. "कडीच्या आतल्या बाजूने चावली," हळूच म्हणाले. "जोर आहे अजून."

आठवड्यातच मेव्हण्याचा फोन आला. "पाचही उजवल्या," साहेबांनी सांगितलं आणि टीव्ही लावला. त्यानंतर दर रविवारी चहाआधी मी बोट पुढे करायचो आणि ते भिंगातून बघायचे. नख वाढत गेलं, काळा डाग टोकाकडे सरकत गेला. मी नख कापायचंही टाळत होतो. गेल्या रविवारी बघितलं तर टोक कुठेतरी कामात तुटून पडलेलं.

साहेबांनी बोट उलटंसुलटं केलं, भिंग पुसून डबीत ठेवलं.

"गेलं," म्हणाले. "आता तू नाही आलास तरी चालेल."