शिट्टीच्या दोरीतलं नेलकटर

सिल्विया मॅडमच्या गळ्यात शिट्टी असायची आणि त्याच दोरीला एक नेलकटर. आमच्या वसईच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघाच्या त्या प्रशिक्षक. मी मास मीडियाची विद्यार्थिनी. इंटर्नशिप म्हणून संघाचे फोटो काढायला गेले, तर माझ्या कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी माझा हातच हातात घेतला.

"मॅडम, मी खेळणार नाहीये."

"मैदानात येणार ना? मग नखं काप."

हौसेने वाढवून रंगवलेली माझी नखं त्यांनी उभ्या उभ्या उडवली. वर पहिला आठवडाभर कॅमेरा पिशवीत ठेवायला लावून मला मुलींबरोबर मातीत उतरवलं. "पकडीत सापडलं की काय होतं ते अंगाला कळू दे, मग फोटो काढ." अंग चांगलंच ठणकलं. पण कोण कुठे झेप घेणार, याचा अंदाज त्यानंतर मला येऊ लागला.

मॅडम वटारच्या वाडीत वाढलेल्या. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मुलींना मंत्र एकच: "अंगावर कितीही जणी पडू देत, हात रेषेकडेच हवा."

तो मंत्र अंतिम सामन्यात रेश्माने खरा केला. रेश्मा अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली, आमची सगळ्यात भारी चढाईपटू. शेवटच्या चढाईत समोरच्या मुलींनी तिला पार दाबून टाकलं होतं. त्या ढिगातून तिचा एक हात बाहेर आला आणि बोटं मध्यरेषेला टेकली. नेमका तोच फोटो मला मिळाला. आम्ही जिंकलो, आणि मी तर हवेतच होते. कधी एकदा तो कॉलेजच्या इन्स्टावर टाकते असं मला झालं होतं.

"हा टाकायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

रेश्मा घरी कम्प्युटर क्लासचं नाव सांगून सरावाला येत होती. मुलींनी हाफ पँट घालून खेळणं तिच्या वडिलांना चालणार नव्हतं. हे तिने त्याच दिवशी, चषक हातात असताना, मॅडमना रडत रडत सांगितलं होतं. फोटो बाहेर गेला असता तर तिचा खेळ तिथेच संपला असता.

"मग लपवायचं?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"लपवून किती दिवस खेळेल? विचारून मिळतं तेच टिकतं. प्रिंट काढ."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मॅडम मला घेऊन अर्नाळ्याला गेल्या. रेश्माची आई बोंबील वाळत घालत होती. मॅडमनी आधी फोटोच पुढे केला. तिने पदराला हात पुसले आणि तो बराच वेळ निरखला.

"ही माजी रेश्मा? आनि ह्या सगल्या एकटीवर?"

"हो."

"मंग सुटली का नाय?"

"सुटली. तिच्यामुळेच जिंकलो."

"मला कोनी सांगितलं पन नाय," ती म्हणाली. कपड्यांपेक्षा हेच तिला जास्त लागलं होतं.

"चुकलंच. मी आधी यायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या.

आई पुन्हा फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "बोट आली का तिच्या बापाला मी सांगते. खेलू दे तिला. पन हा फोटो इथंच राहील. मोबाईलवर नको."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या अगदी जिवावर आलं होतं, पण मी मान हलवली.

रेश्मा खेळत राहिली. आता ती विरारच्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. मी लग्नांचे, सामन्यांचे फोटो काढते. माझा सगळ्यात चांगला फोटो मात्र अर्नाळ्याच्या एका भिंतीवर आहे, आणि तो तिथेच असावा असं आता मलाही वाटतं.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा संपल्यावर वटारच्या चर्चबाहेर रेश्मा भेटली, सोबत तिची आई. मी रेश्माचे हात हातात घेतले आणि आम्हा दोघींची नजर एकदमच खाली गेली. दोघींचीही नखं कापलेली होती.