उजव्या चाकातला आवाज

ग्रीसचा वास आला की आमच्या दोघांच्या शेवटच्या कामाची ती पिवळी दुपार तरंगत येते. काचीगुड्यातल्या माझ्या गॅरेजात माळावर पळवायची, चार जाड चाकांची, चेनवर चालणारी गाडी आली होती, मागून खरखरायची. बारीक आवाज मला ऐकू येईनात, म्हणून बायकोच लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला टेकवून मूठ कानाला लावायची. मी चाक फिरवत राहिलो, ती डोळे मिटून ऐकत राहिली. "उजव्या चाकात आहे, ज्वारी दळल्यासारखं." "चेनच आहे. तुला काय कळतं?" "हौ उस्ताद, कान माझे, अक्कल तुमची!" ती हसली. मी हट्टानं चेनच बदलली. संध्याकाळी बायको बसल्या जागी गेली. दुसऱ्या सकाळी पाहुणे सुतकात हत्यार धरू नका म्हणत होते, तरी मी उजवं चाक खोललं. बेअरिंगचा चुरा तळहातावर घेतला अन् सगळ्यांदेखत मोठ्यानं बोललो, "तुझंच खरं होतं गं."