रांगेत उभं राहण्याचा गुन्हा

ती तक्रार आजही आठवते, आणि आठवली की डोकं तापतं. उरणजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पैशासाठी बोलणारे आणि सुडापायी बोलणारे खबरे मी पुष्कळ पाहिले. या वेळी खबर दिली होती संगणकाने. एका वाहतूक कंपनीच्या व्यवस्थापकाने अर्ज दिला, की थंड कंटेनर ओढणारा त्यांचा एक चालक डिझेल चोरतो. फेरीला किती डिझेल लागावं हे त्यांचं संगणकातलं गणित सांगतं आणि याने त्याहून बरंच जास्त दाखवलं, एवढाच पुरावा.

चालक जवळच्याच गावचा, पन्नाशीचा. अटक झाली की बंदरात शिरायचा पास जाणार आणि पासाबरोबर रोजीरोटी. चौकशीत तो एकच गोष्ट धरून होता.

"साहेब, गेटवर लायनीत उभा होतो. डब्यात मच्छी हाय. मशीन बंद केली तं माल सडंल. मी चोरी केली न्हाय."

व्यवस्थापक शेजारी बसून हसत होता. उभं राहण्याचे तासही आमच्या गणितात आहेत, म्हणाला, आणि ते धरले की याची चोरी आणखी मोठी दिसते.

तिथेच मला खटकलं. थांबल्याचं तो जितकं जास्त सांगे, तितका जास्त चोर ठरत होता. दुपारी वरून फोन आला, की अटक दाखवून मोकळे व्हा. मी म्हटलं, लेखी आदेश पाठवा. आदेश आला नाही आणि मीही अटक केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते गणित मांडणाऱ्या तरुण अभियंता बाईंना बोलावलं. चहा मागवला आणि सूत्र साध्या मराठीत वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं: दर किलोमीटरला डिझेलचा खर्च वाढतो. दर टनाला वाढतो. मशीन चालू ठेवून उभं राहिलं, तर दर तासाला घटतो.

"मॅडम, मग गाडी आठवडाभर रांगेत ठेवली तर टाकी आपोआप भरेल?"

त्यांनी कप बाजूला ठेवून जुन्या नोंदी उघडल्या. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. जुन्या नोंदींत लांबच्या गाड्यांना रांग थोडी आणि जवळच्यांना मोठी. जवळच्या फेरीला डिझेल मुळातच कमी लागतं, पण ते रांगेमुळे वाचलं असं गणिताने धरलं. या चालकाची फेरीही लांबची आणि रांगही मोठी, म्हणून तोच अडकला. आकडे म्हणाले ते मी मांडलं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, किती, ते आकडे सांगोत. वाढणार की घटणार हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल, ते आकड्यांना विचारायचंच कशाला?

बाईंनी तिथेच बसून अट घातली, की रांगेच्या तासांचा गुणांक, म्हणजे दर तासाला धरायचा खर्च, शून्याखाली जाता कामा नये. गणित पुन्हा चालवलं. गुणांक शून्यावर येऊन थांबला, आणि चालकाची तफावत इतर चालकांच्या नेहमीच्या तफावतीएवढीच उरली.

व्यवस्थापक म्हणाला, यातून तो निर्दोष ठरत नाही. बरोबर, म्हटलं, आणि ते ठरवण्याचं ओझं त्याच्यावर नाही. चोरलेलं डिझेल आणा, विकत घेणारा आणा, मग या. अर्ज निकाली काढला. वरिष्ठ नाराज झाले. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पोलीसही हेच करतात. संशयित गप्प बसला तर लपवतोय, बोलला तर पढवलेला. त्यानंतर माझ्या अधिकाऱ्यांना मी बजावून ठेवलं होतं: माणसाची सफाई पटली नाही तर शून्य धरा. पण ती त्याच्याच विरुद्ध मोजायची नाही. माझ्या ठाण्यात तरी नाही.